दापोली ते गुहागर, एकटीने, एका दिवसात: किलोमीटर नव्हे, घाट्या मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दर रविवारी ठाण्याच्या आसपास साठ-सत्तर किलोमीटर सायकल आरामात होते. आता डिसेंबरात दापोलीहून गुहागरला, मोठे रस्ते टाळून, किनाऱ्यालगतच्या गावांमधून एकटीने एका दिवसात जायचं आहे. जमेल का, सायकल कशी हवी, बरोबर काय घ्यायचं, आणि एकटीने जाण्यात धोका किती?

जमेल. मी या रस्त्याने दोन्ही दिशांनी गेले आहे, आणि कोकणात एका दिवसाची एकटीची सायकलसहल करायची तर याहून चांगला रस्ता मला सुचत नाही. पण तुमचे रविवारचे साठ किलोमीटर आणि हे साठेक किलोमीटर यांची एकमेकांशी तुलना करू नका. तिथे आकडा अंतराचा आहे, इथे घाट्यांचा.

कोकणातली किनाऱ्याची गावं खाडीच्या किंवा वहाळाच्या तोंडाशी वसलेली आहेत. दोन गावांच्या मध्ये डोंगराची सोंड समुद्रात उतरलेली असते आणि तिच्या माथ्यावर कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार. म्हणजे गाव सोडलं की घाटी चढायची, सड्यावरून थोडं सपाट जायचं, पुढची घाटी उतरून पुढच्या गावात, आणि लगेच पुन्हा चढ. एकेक घाटी शंभर-दीडशे मीटर उंचीची, पण सरळ अंगावर येणारी. सह्याद्रीच्या मोठ्या घाटांत चढ लांब असतो, पण रस्ता वळणावळणाने नेलेला असतो. इथे बैलगाडीच्या वाटेवरच डांबर पडल्यासारखे चढ आहेत. कर्दे ते लाडघर, बुरोंडी ते कोळथरे, पंचनदी ते दाभोळ या टप्प्यांत हे पुरेपूर कळतं. सुरुवात मात्र फसवी गोड आहे. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फुटांवर आहे, त्यामुळे आसूदपर्यंत आणि पुढे मुरुडपर्यंत बहुतेक उतारच मिळतो. त्या वेगावरून दिवसाचा हिशेब मांडू नका.

खरा हिशेब असा मांडा. दहा टक्क्यांच्या चढावर, म्हणजे एक किलोमीटरमध्ये शंभर मीटर चढताना, तुमच्या-माझ्यासारखीचा वेग ताशी सहा किलोमीटरच्या आसपास राहतो. म्हणजे एका किलोमीटरला दहा मिनिटं, आणि त्यानंतर श्वास जागेवर यायला आणखी दोन-तीन. उतारावर ही वेळ भरून निघत नाही, कारण या उतारांवर ताशी वीस-पंचवीसच्या वर जाणं शहाणपणाचं नाही. सगळं मिळून चालत्या सायकलीचा सरासरी वेग ताशी दहा-अकरा धरा. साठ किलोमीटरला सहा तास. न्याहारी, जेवण, फेरी बोट, एखादं पंक्चर, देऊळ बघणं यांना तीन तास. झाले नऊ. डिसेंबरात तिथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे उजेडाचे तास अकरा. हातात उरले दोन. पहाटे निघालात तर हे दोन तास तुमचे, साडेनऊला निघालात तर ते कधीच संपलेले. म्हणून आदल्या रात्री दापोलीत मुक्काम करा आणि उजाडताच सायकलवर बसा.

दिशाही हीच ठेवा, उत्तरेकडून दक्षिणेकडे. हिवाळ्यात दुपारनंतर किनाऱ्यावर समुद्राकडून वारा सुटतो आणि तो बहुधा वायव्येचा असतो. थकलेल्या पायांना तो पाठीवर मिळतो. उलट्या दिशेने दुपारी सड्यावर चालवताना हाच वारा नको करतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकटीने जाताना माघारी फिरण्याच्या जागा आणि वेळा घरीच ठरवून निघायचं. दोघं असली की एक दमलेलं असतं आणि दुसरं भानावर असतं. एकटीला तो दुसरा माणूस नसतो, आणि दुपारी दोन वाजता, उन्हात, रिकाम्या पोटी घेतलेला निर्णय जवळपास नेहमी 'जाऊ पुढे' असाच निघतो. या रस्त्यावर पहिली जागा बुरोंडी, तिथून दापोलीला थेट रस्ता आहे. दुसरी दाभोळ, तिथून दापोलीची एसटी मिळते. मी स्वतःला घातलेली अट अशी: दुपारी बारापर्यंत कोळथरं गाठलं नाही, तर त्या दिवशी गुहागर नाही. कोळथऱ्यात किंवा दाभोळात मुक्काम, आणि उरलेला रस्ता दुसऱ्या दिवशी. ही अट कागदावर लिहून हँडलच्या पिशवीत ठेवा. मनातली अट चढावर वितळते.

रस्ता शोधण्याबद्दल. फोनमधला नकाशा हवाच आणि तो आधी उतरवून घेतलेला हवा, कारण खाडीच्या घळीत नेटवर्क जातं. पण तो नकाशा जवळची वाट म्हणून कधी कधी पाखाडी दाखवतो. पाखाडी म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची गावातली वाट. खांद्यावर सायकल घेऊन तीनशे पायऱ्या चढायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. माझी कसोटी साधी आहे. फाट्यावर दिसेल त्या माणसाला विचारायचं, "या रस्त्यानं एसटी जाते का?" एसटी जात असेल तर रस्ता पुढे तुटत नाही, चढ सायकल ढकलत का होईना पण पार होतो, आणि अडलंच तर गाडी मिळते. 'किती लांब आहे' हे मात्र विचारू नका. "हे काय, वळसा घातला की आलंच" हे उत्तर पाऊण तासाच्या चढासाठीही मिळतं, आणि ते देणारा मनापासून देत असतो, कारण तो तिथे मोटरसायकलने जातो.

मैलाच्या दगडाचा माथाही बरंच सांगतो. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, केशरी असेल तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता. ही योजना २००० साली सुरू झाली आणि आपल्यासारख्यांचे उत्तम आडरस्ते तिनेच दिले. केशरी दगडाचा रस्ता म्हणजे साधारण पावणेचार मीटर रुंदी, एका गाडीपुरतं डांबर. समोरून एसटी आली तर तुम्हाला साइडपट्टीवर उतरावं लागणार, आणि पावसाळ्यानंतर ती साइडपट्टी डांबरापेक्षा वीतभर खाली गेलेली असू शकते. तिथे चालत्या सायकलवरून उतरू नका. थांबा, डावा पाय खाली टेका, गाडी जाऊ द्या. ड्रायव्हर हात करून जातात.

सायकल कोणती? ब्रँडवर माझं काही म्हणणं नाही, सर्वात हलक्या गिअरवर आहे. पुढची सर्वात लहान चकती २८ दात्यांची आणि मागची सर्वात मोठी ३४ची असेल, तर सातशेच्या (७००सी मापाच्या) चाकावर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल पावणेदोन मीटरच्या थोडी पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारले की ताशी साडेसहा किलोमीटर. म्हणजे वर सांगितलेल्या चढावर बसून, गुडघ्यांवर ताण न देता चढता येतं. तुमच्या सायकलला पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या चकत्या आणि मागे २८पर्यंतच असेल, तर सायकल बदलू नका, फक्त मागची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, ३२ किंवा ३४ची बसवता येते का ते दुकानात विचारा. डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, परवानगी देतो की नाही ते दुकानदारच सांगेल. टायर ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचे असावेत. त्यांत हवा ठासून भरू नका. खडीच्या आणि उखडलेल्या रस्त्यावर दगडासारखा टायर उसळतो आणि ब्रेकची पकड सुटते.

सामान कमी म्हणजे किती कमी, याचाही हिशेब आहे. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो असाल, तर आणखी पाच किलो म्हणजे प्रत्येक चढावर जवळपास सहा टक्के जास्त काम. एका रात्रीच्या मुक्कामाला एक कपड्यांचा जोड, पंचा, चपला, चार्जर, मागचा-पुढचा दिवा, एवढं बास. पाठीवर सॅक अजिबात नको. दमट हवेत पाठ ओली राहते आणि संध्याकाळपर्यंत कंबर धरते. कॅरिअर किंवा सीटखालची पिशवी वापरा.

हत्यारांत दोन ट्यूब, पॅच, टायर काढायचे लिव्हर, हातपंप, ॲलन कीचा जुडगा, साखळी तोडायचं हत्यार आणि जोडकडी, थोडे झिप टाय. ट्यूबच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून करा. तुमच्या रिममध्ये बसत असेल तर मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हच्या ट्यूब घाला. बारीक व्हॉल्व्ह असेल तर त्यावर बसणारा पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. मग गावातला कुठलाही मोटरसायकलचा पंक्चरवाला तुमच्या कामाचा होतो. फक्त कंप्रेसर त्याला एकदम सोडू देऊ नका. थोडी थोडी हवा मागा, मध्ये बोटाने दाबून बघा.

आणि पंक्चर घरी बसून चार वेळा काढून बघा, नुसतं बघून शिकू नका. टायर रिमवरून काढण्याआधी व्हॉल्व्हसमोर टायरवर खूण करा. ट्यूबला थोडी हवा भरा, गालाजवळ फिरवा, बारीक झुळूक लागते तिथे भोक. आता ट्यूब टायरवर धरून खुणेवरून मोजलं की टायरमधली नेमकी जागा सापडते. तिथे आतून नुसतं बोट फिरवू नका, जुना रुमाल फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे करवंदीचा काटा, काचेचा कण किंवा ट्रकच्या फाटक्या टायरमधली केसाएवढी तार असते. ती तार बाहेरून दिसत नाही, आणि ती काढली नाही तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. जवळजवळ लागलेली दोन भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका. ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली आहे, म्हणजे हवा कमी होती.

उन्हाबद्दल शहरातले सायकलस्वार गाफील असतात, कारण तापमापक डिसेंबरात तीस-बत्तीसच दाखवतो. कोकणात प्रश्न दमटपणाचा आहे. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला तरच शरीर थंड होतं. त्यात चढावर ताशी सहाच्या वेगाला स्वतःचा असा वारा मिळत नाही. म्हणून अकरा ते तीन या वेळात मोठी घाटी अंगावर येणार नाही असं बघा. कोळथऱ्याला जेवून, माडांच्या सावलीत तासभर पडून राहिलात तर वेळ वाया गेला असं समजू नका. पाण्याच्या दोन बाटल्या सायकलवर आणि एक लिटरची रिकामी बाटली पिशवीत, चढाआधी भरून घ्यायला. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागेल. नुसतं पाणी पीत राहिलात तर दुपारनंतर डोकं जड होतं, तेव्हा दिवसात ओआरएसची दोन पाकिटं संपवा. पाकिटं नसतील तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. कोकम सरबत तर जागोजागी मिळतं. त्यात मीठ थोडं जास्त घालायला सांगा.

खाणं भूक लागायच्या आधी. पहिल्या तासापासून दर पाऊण तासाला एक केळं किंवा शेंगदाण्याची चिक्की किंवा दोन-तीन खजूर. मुरुडला पोटभर न्याहारी होते. मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. परीक्षेला बसण्यासाठी ते मित्रांबरोबर इथून साताऱ्याला पायी गेले होते, आणि तिथे वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नव्हतं. मला ही हकिकत मुरुडात थांबले की नेहमी आठवते. पुढच्या घाटीकडे बघताना ती धीर देते.

धोका किती, असं तुम्ही विचारलंय. लोक घाबरवतात ते बिबट्याच्या आणि चोरांच्या नावाने. या रस्त्यावर खरा धोका उताराचा आहे. दोन्ही बाजूंना चिऱ्याचा गडगा (दगडी कुंपण), त्यावर झुडपं, त्यामुळे वळणापलीकडचं काही दिसत नाही. वळणाच्या आतल्या बाजूला तांबड्या मातीचा आणि बारीक खड्याचा थर साचलेला असतो. सकाळी दवाने तो ओला असतो. अशा वळणावर सायकल कललेली असताना पुढचा ब्रेक दाबला की चाक सरकतंच. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही एकत्र. वळणात ब्रेक सोडलेला, बाहेरचा पाय खाली आणि त्याच पेडलवर भार, नजर रस्ता संपतो तिथे. उतारभर ब्रेक सतत घासत ठेवू नका, तापतात. दाबा, वेग कमी करा, सोडा, पुन्हा दाबा. हात भरून आले तर मध्येच थांबा. आणि घंटी वाजवा, प्रत्येक आंधळ्या वळणावर. पलीकडे गाय बसलेली असू शकते, शाळेतली पोरं असू शकतात. अंधारात या घाट्या उतरू नका, दिवा कितीही चांगला असला तरी.

वाडीतली कुत्री अंगावर आली तर पेडल मारत पळू नका, चढावर तर पळता येतही नाही. उतरा, सायकल मध्ये धरा, चालत पुढे जा. घरातून कुणीतरी हाक मारतंच.

बाई म्हणून एकटीने जाण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या पट्ट्यातल्या गावांमध्ये मला कायम आधारच मिळाला आहे. "एकट्याच?" हा प्रश्न दिवसभरात बऱ्याचदा येईल. त्यात काळजी असते. मोकळेपणाने उत्तर द्या, पण आजचा मुक्काम नेमका कुठे हे रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला सांगू नका. "पुढे लोक थांबलेत" एवढं पुरे. मुक्काम घरगुती ठिकाणी ठरवा, जिथे घरातली बाई फोनवर बोलते, आणि किती वाजेपर्यंत पोहोचणार ते तिला सांगून ठेवा. घरच्या एकाच माणसाला मुरुड, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ आणि गुहागर या पाच ठिकाणांहून मेसेज करा, आणि नेटवर्क नसेल तर किती उशिरापर्यंत काळजी करायची नाही हेही आधीच ठरवा. नाहीतर नेटवर्क नसलेल्या दोन तासांत घरची माणसं हवालदिल होतात. रक्तगट आणि दोन फोन नंबर लिहिलेला कागद प्लास्टिकमध्ये घालून खिशात. मदतीचा क्रमांक ११२. स्वच्छतागृहाची सोय मुरुडला, कोळथऱ्यात जेवणाच्या ठिकाणी आणि दाभोळात करून घ्या. मध्ये कुठल्याही घरी विचारलं तर बायका आत बोलावतात. त्या भीतीने पाणी कमी पिऊ नका, ती चूक दुपारी महागात पडते.

दाभोळ हा या दिवसाचा कळस आहे, तिथे घाई करू नका. वाशिष्ठीच्या मुखावरचं हे बंदर बहमनी आणि आदिलशाही काळात देशोदेशीच्या जहाजांनी भरलेलं असे. रशियन प्रवासी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात भारतातून परत निघाला तो इथूनच. किनाऱ्याजवळची जुनी आदिलशाही मशीद आणि गुहेतली चंडिकादेवी, दोन्ही वेळ काढून बघण्यासारखी. दाभोळ ते धोपावे ही गाड्या वाहणारी फेरी बोट २००३ साली सुरू झाली. ती नसेल तर गाडीरस्त्याने गुहागरला जायला चिपळूणचा भलामोठा वळसा. वेळापत्रक बदलत असतं, आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून ठेवा.

बोटीवर चढताना सायकल चालवत नेऊ नका. उतरता लोखंडी फळा ओला आणि शेवाळलेला असतो, ओहोटीला त्याचा उतार आणखी तीव्र होतो. क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे बूट असतील तर चपला घाला. आधी गाड्या आत जाऊ द्या, मग चालत जाऊन सायकल कठड्याला टेकवा आणि एका पट्ट्याने बांधा. पुढचा ब्रेक लिव्हर रबराने आवळून ठेवला की ती हलत नाही. पलीकडे पोहोचेपर्यंत पाय ताणून घ्या, काहीतरी खाऊन घ्या, कारण धोपाव्याला उतरल्या उतरल्या चढ आहे.

तो चढला की पुढचं सोपं. अंजनवेलचा फाटा लागेल. गोपाळगड आणि दीपगृह तिकडे आहेत, पण साडेचार वाजून गेले असतील तर सरळ गुहागर धरा, ते दुसऱ्या दिवशी सकाळी बघता येतं.

परतीचं आधी ठरवा. गुहागर ते चिपळूण सुमारे ४५ किलोमीटर, चिपळूणला कोकण रेल्वेचं स्थानक. सायकल गाडीच्या लगेज डब्यात बुक करायची तर तासभर आधी पोहोचा. त्या गाडीला लगेजची सोय आहे का आणि ती तुमच्या स्थानकावर सामान उतरवण्याइतकी थांबते का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. एसटीने जायचं असेल तर टपावर सायकल चढवता येईल अशा गाड्या आता कमी झाल्यात, तेव्हा आगारात जाऊन कंडक्टरशीच बोला. सायकलला नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी दोन ठिकाणी बांधा, पंप आणि दिवे काढून स्वतःजवळ ठेवा, आणि डिरेलरची बाजू वर येईल अशी ती ठेवायला सांगा.